चला, हवा जाऊ द्या!

माहीत आहे का? ऑस्ट्रेलियातल्या सर्वात गाजलेल्या वाळवंटाला एका स्टोव्ह-भांडीवाल्या कारखानदाराचं नाव आहे! १९२९ मध्ये सेसिल मॅडिगन या भूगर्भशास्त्रज्ञाने विमानातून तो लाल पसारा न्याहाळला आणि भूगोलप्रेमी उद्योजक आल्फ्रेड अ‍ॅलन सिम्प्सन यांचं नाव त्याला बहाल करून टाकलं. झालं, सिम्प्सन डेझर्ट! याच सिम्प्सन घराण्याचा ब्रँड पुढे ऑस्ट्रेलियात वॉशिंग मशिनसाठी घरोघरी पोचला. जिथे आंघोळीच्या पाण्याची मारामार, तिथे वॉशिंग मशिनवाल्याचं नाव. धुलाई मात्र तिथे आजही जोरात चालते. टायरांची!

कारण या वाळवंटात वाळूच्या ११०० हून जास्त टेकड्या एकमेकींना समांतर उभ्या आहेत आणि गाडीवाट त्यांना आडवी छेदत जाते. चढ, उतार, चढ, उतार, आणि हे ११०० वेळा! सर्वात अवघड पेपर शेवटी: बर्ड्‌सव्हिल गावाजवळचा ‘बिग रेड’, उंची सुमारे ४० मीटर.

तर मंडळी, आज आपण निघालोय ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये. सूर्यास्त, कांगारू, लाल माती यांचे फोटो तुम्ही पाहिलेत. आज नजर फक्त खाली ठेवायची. चाकांकडे!

ऑस्ट्रेलियात आपला महाराष्ट्र साधारण २५ वेळा मावतो. तिथल्या अ‍ॅना क्रीक या गुरांच्या स्टेशनात, म्हणजे एकाच मालकाच्या कुरणात, आख्खा गोवा चार वेळा बसतो. आपल्याकडे हायवेला टांगलेला टायर दिसला की समजायचं, पंक्चरवाला आला. तिथे रस्त्याकडेला टायर दिसला तर समजायचं, कुणाचा तरी फुटला! पुढचा पंक्चरवाला कधी कधी ५०० किलोमीटरवर असतो.

नंबरी चाक

माहीत आहे का? टायरच्या साइडवॉलवर छापलेल्या एकाच ओळीत तीन वेगवेगळी मापं गुण्यागोविंदाने नांदतात. उदाहरणार्थ २६५/६५ आर १७. ऑस्ट्रेलियात कित्येक हायलक्स याच साइजवर धावतात. २६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत! आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, तो चक्क इंचांत! गणिताच्या बाईंनी असं उत्तर लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. हिशेब करून बघा, साइडवॉल निघते सुमारे १७२ मिलिमीटर. मधला ‘आर’ रेडियलचा.

पुढे अजून गंमत. त्याच ओळीत ‘११२ एस’ असं काही लिहिलेलं असतं. ११२ म्हणजे ११२ किलो नव्हे बरं का! तो एक कोड आहे. ११२ म्हणजे एका टायरने उचलायचं जास्तीत जास्त वजन ११२० किलो. १२१ असेल तर १४५० किलो. आकड्यांत फरक नऊचा, वजनात ३३० किलोंचा! आउटबॅकला निघालेली गाडी म्हणजे डिझेल, पाणी, फ्रिज, तंबू, छपरावर आणखी एक तंबू आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून घेतलेलं सगळं. तेव्हा ब्रँड नंतर, आधी हा आकडा बघायचा.

आणि ते अक्षर? ते वेगाचं. क्यू म्हणजे ताशी १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००... पुढे व्ही यायला हवा ना? नाही! मध्ये घुसतो एच, ताशी २१०. आख्ख्या एबीसीडीची रांग मोडून हा एच पुढे कसा आला, म्हणून बिचारा व्ही अजून रुसलेला असावा. आउटबॅकच्या कच्च्या वाटेवर अर्थात या अक्षराला फारसं काम नसतं. तिथे ८० च्या वर काटा गेला की टायर, सस्पेन्शन आणि शेजारची सीट, तिघंही तक्रार करतात.

माहीत आहे का? ‘टेन प्लाय’ टायरमध्ये दहा थर नसतात! पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असायचे, तेव्हाचा हा हिशेब. कापड गेलं, पॉलिएस्टर आणि पोलाद आलं, थर कमी झाले, पण नाव चिकटून राहिलं. आज ‘टेन प्लाय रेटिंग’ म्हणजे ‘जुन्या दहा थरांइतका दणकट’.

साइजच्या आधी ‘एलटी’ ही दोन अक्षरं दिसली तर कान टवकारा. लाइट ट्रक. हे टायर ओझ्यासाठी बांधलेले, साइडवॉल जाड. आउटबॅकमध्ये खरा घात साइडवॉलचाच होतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर प्लग मारून पुढे जाता येतं. साइडवॉल चिरली की टायर कामातून गेला. चिरणारे तरी कोण? मुल्गा झाडाची वाळलेली, भाल्यासारखी टोकदार खुंटं आणि ‘गिबर’ नावाचे धारदार दगड. एलटी टायर महाग असतो, जड असतो, डांबरी रस्त्यावर थोडा आदळतो. तरीही या एका बाबतीत कंजुषी नको, असं माझं ठाम मत.

गिबर दगडांवरून आठवलं. १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्ट हा संशोधक ऑस्ट्रेलियाच्या पोटात समुद्र असणार या खात्रीने निघाला. आणि सोबत काय नेलं? बोट! शेकडो मैल कोरड्या जमिनीवरून बैलांनी ओढत नेलेली बोट. समुद्र काही सापडला नाही. सापडलं ते मैलोन्‌मैल दगडांचं मैदान, जे आज ‘स्टर्ट स्टोनी डेझर्ट’ म्हणून ओळखलं जातं.

हीरो दिसतो की हीरोगिरी करतो?

टायरांच्या तीन जाती. एचटी म्हणजे हायवेचा गुळगुळीत, सभ्य. एटी म्हणजे ऑल टेरेन, घर का भी, घाट का भी. आणि एमटी म्हणजे मड टेरेन, हे मोठे मोठे दात, बघताच लहान मुलं ‘वॉव’ म्हणतात.

माहीत आहे का? मऊ वाळूत हे मोठे दातच कधी कधी गाडीला बुडवतात! वाळूत चाकाने तरंगायचं असतं, खणायचं नसतं. दातेरी टायर रागाने फिरला की स्वतःसाठीच खड्डा खोदतो. म्हणूनच सहाराच्या वाळूसाठी मिशेलिनने खास टायर बनवला, तेव्हा त्याची नक्षी उथळ ठेवली होती.

मग एमटी अगदीच टाकाऊ? छे! चिखलात त्याला तोड नाही आणि त्याचे जाड ठोकळे दगडांचे घावही बऱ्यापैकी सोसतात. पण आउटबॅकच्या प्रवासात किलोमीटर मोजाल तर बरेचसे डांबरी आणि खडीच्या रस्त्याचे निघतात. तिथे एमटी कानाशी दिवसभर घुंई घुंई करतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो. बहुतेकांना दणकट एलटी बांधणीचा एटी पुरतो. एमटीचे फोटो मात्र झकास येतात, हे मान्य!

माहीत आहे का? सर्वात कूल टायर तो, जो सर्वात कॉमन! शोरूममधल्या चकाचक एसयूव्हीला २० इंची रिम शोभते, पण रिम मोठी तितकी रबराची उंची कमी आणि खड्ड्यात रिमला मार जास्त. वर त्या साइजचा टायर लांबच्या रोडहाउसवर मिळायची खात्री नाही. १६ किंवा १७ इंची रिमला लागणारा टायर मात्र गुरांच्या स्टेशनांवरच्या युटना, म्हणजे पिकअप गाड्यांनाही लागतो, म्हणून तो मिळण्याची शक्यता बरीच जास्त. इथे भाव कॉमन मॅनलाच!

शहाणी मंडळी त्याच्याही पुढे जातात. ताफ्याने निघायचं असेल तर सगळ्यांच्या गाड्यांचे चाकाचे बोल्ट आधी मोजतात. हायलक्सला सहा, प्राडोला सहा, पण लँडक्रूझर २०० ला पाच! सहा बोल्टवाल्याची स्टेपनी पाच बोल्टवाल्याच्या काय कामाची? मैत्री कितीही घट्ट असली तरी बोल्ट जुळत नाहीत.

आणि स्टेपन्या किती? दोन! अ‍ॅन बीडेल, कॅनिंग असल्या वाटांवर (त्यांची ओळख पुढे होईलच) एक स्टेपनी म्हणजे एक फुटेपर्यंतचीच निश्चिंती.

आता एक खास नग. लँडक्रूझर ७९ ही आउटबॅकची लाडकी युट. माहीत आहे का, २००७ मध्ये तिला मोठं व्ही-८ इंजिन बसवलं आणि पुढचा भाग रुंद केला, मागचा मात्र होता तसाच राहिला? त्यामुळे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मागच्यांपेक्षा सुमारे ९५ मिलिमीटर जास्त. परिणाम असा की वाळूत पुढच्या चाकांनी दाबून दिलेल्या चाकोरीत मागची चाकं नीट बसतच नाहीत. स्वतःच्याच चाकोरीबाहेर चालणारी गाडी! मालक लोक कुरकुरतात, जादा पैसे मोजून मागचा अ‍ॅक्सल रुंद करून घेतात, पण गाडी सोडत नाहीत.

लँडक्रूझरचं ऑस्ट्रेलियाशी नातं जुनं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लेस थीस या कंत्राटदाराने स्नोई माउंटन्सच्या धरण-बोगद्यांच्या प्रकल्पासाठी या जपानी गाड्या आणल्या. ‘जपानी? टिकतील का?’ असं तेव्हा लोक विचारायचे. हसू नका!

हवा गुल, गाडी फुल्ल

आता आजचा सुपरस्टार. टायर कुठला घेतला यापेक्षा त्यात हवा किती ठेवली, यावर आउटबॅकमधलं अर्धं भवितव्य ठरतं.

माहीत आहे का? तुमची गाडी रस्त्याला जेमतेम कागदाच्या तुकड्यांएवढीच टेकलेली असते. ढोबळ गणित करूया. गाडी भरून ३ टन. टायरमध्ये ४० पीएसआय हवा. तर प्रत्येक टायर जमिनीला टेकतो सुमारे २७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या ए-४ कागदापेक्षाही कमी. आता हवा सोडून १८ पीएसआयवर आणा. तोच टायर टेकतो जवळपास ५९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आख्खा ए-४! खर्च शून्य, टायर तोच, पाऊल दुप्पट!

आणि गंमत अशी की हे पाऊल रुंदीने नाही, लांबीने जास्त वाढतं. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट पसरतो.

ही आयडिया काही माणसाची नाही. उंटाची! उंटाचा तळवा मऊ, गादीसारखा. पाऊल टेकलं की पसरतो, उचललं की आवळतो. आणि माहीत आहे का, ऑस्ट्रेलियात उंटांचा पहिला मोठा जथा अखंड हिंदुस्थानातून गेला. १८६० मध्ये जॉर्ज लँडेल्सने बर्क आणि विल्स या संशोधकांच्या मोहिमेसाठी २४ उंट कराची बंदरातून मेलबर्नला उतरवले. म्हणजे ऑस्ट्रेलियाची पहिली फोर बाय फोर इकडचीच!

त्याआधी तिथे हॅरी नावाचा एक उंट होता. माहीत आहे का, त्याने मालकालाच गोळी घातली? १८४६ मध्ये जॉन हॉरॉक्स बंदूक भरत होता, शेजारी बसलेला हॅरी अचानक हलला, बार उडाला. हॉरॉक्स काही दिवसांनी जखमेने दगावला. जाण्याआधी त्याने उंटाला ठार करण्याचा हुकूम सोडला, आणि तो अमलात आला.

परत टायरकडे! ढोबळ आकडे असे: डांबरी रस्त्यावर ३५ ते ४०, खडीवर त्याहून पाव भाग कमी, वाळूत १६ ते १८. वाळूत अगदीच रुतलात तर थोडी आणखी सोडायची, पण १२ च्या खाली जाणं म्हणजे जोखीम. वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. आणि एक अट, जी लोक हमखास विसरतात: हवा कमी केली की वेगही कमी करायचा. कमी हवेचा टायर जोरात पळवला तर साइडवॉल वाकून वाकून तापते आणि मग फट्! दगडाळ वाटेवर तर आणखी जपून, कारण हवा सोडल्यावर फुगून बाहेर आलेली साइडवॉल दगडांना आयतीच सापडते.

हवा बरोबर आहे हे कळायचं कसं? ऑस्ट्रेलियन ड्रायव्हरांची एक झकास युक्ती आहे. सकाळी टायर थंड असताना प्रेशर मोजायचं. तासभर चालवून पुन्हा मोजायचं. एलटी टायरमध्ये ते साधारण ६ पीएसआयने वाढलं तर सगळं आलबेल. त्याहून जास्त वाढलं तर? हवा सोडायची? नाही! उलट भरायची, किंवा सावकाश चालवायचं. हवा कमी होती, म्हणूनच टायर जास्त वाकला, जास्त तापला, जास्त फुगला. डोकं थंड ठेवून दोनदा वाचा, पटेल.

तापण्यावरून रेकॉर्ड ऐका. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्बल बार गावात १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस पारा १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३७.८ सेल्सिअसच्या खाली दुपारी उतरलाच नाही! ओडनाडाटा गावात २ जानेवारी १९६० ला ५०.७ सेल्सिअसची नोंद झाली. १३ जानेवारी २०२२ ला ऑन्सलो गावाने याच आकड्याची बरोबरी केली. चंद्रपूरकरांनो, बोला आता!

हवा सोडणं फुकट, भरणं मात्र कष्टाचं. चांगला कॉम्प्रेसर आणि भरवशाचा गेज या दोन वस्तू महागड्या टायरपेक्षा आधी घ्याव्यात. हायवेला लागायच्या आधी हवा परत भरायचीच. कंटाळा केला तर टायरही ‘टायर्ड’ होतो.

हाडं खिळखिळी एक्स्प्रेस

आउटबॅकच्या कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा उठतात. तिथे त्यांना ‘कॉरुगेशन्स’ म्हणतात. दात वाजतात, स्क्रू सुटतात, फ्रिजमधली अंडी आपोआप ऑम्लेटच्या वाटेला लागतात.

माहीत आहे का? या लाटांना दोष द्यायला कुणीच सापडत नाही! कीथ मॅदर या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात याचा छडा लावला. त्याने वाळूच्या गोल पट्टीवर चाक फिरवलं. लाटा आल्या. चाक बदललं, वेग बदलला, माती बदलली. तरी आल्या. २००७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या टेबलावर वाळू टाकून हाच खेळ पुन्हा मांडला. एका ठरावीक वेगाच्या वर चाक गेलं की लाटा उठणारच. आणि तो वेग सायकलच्या वेगापेक्षाही कमी! म्हणजे लाटा नको असतील तर सगळ्यांनी रस्त्यावरून चालतच जायला हवं. आपल्या हातात उरतं एवढंच: हवा थोडी कमी, वेग बेताचा.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

नावात ‘हायवे’ दिसला म्हणून भुलू नका. ‘अ‍ॅन बीडेल हायवे’ तेराशेहून जास्त किलोमीटर लांब आहे आणि बराचसा फक्त दोन चाकांच्या खुणांएवढा! झुडपं दोन्ही बाजूंनी गाडीला ओरबाडतात, कलर टचअपवाल्याची दिवाळी.

ही अ‍ॅन कोण? रस्ता करणाऱ्याची बायको! लेन बीडेल या अवलियाने १९५५ ते १९६३ या काळात मोजक्या माणसांच्या टोळीसह वाळवंटातून ६००० किलोमीटरहून जास्त वाटा काढल्या. कारण रोमँटिक नव्हतं. वूमेरा इथली क्षेपणास्त्र-चाचणी आणि तिच्याशी निगडित कामांसाठी त्या हव्या होत्या. नावं मात्र घरगुती. बायकोच्या नावाने अ‍ॅन बीडेल हायवे, मुलीच्या नावाने कॉनी स्यू हायवे, मुलाच्या नावाने गॅरी हायवे, दुसऱ्या मुलीच्या नावाने जॅकी जंक्शन. आपल्याकडे लोक फ्लॅटला मुलांची नावं देतात, या बाबाने नकाशाच वाटून टाकला! सर्वात प्रसिद्ध मात्र ‘गनबॅरल हायवे’, बंदुकीच्या नळीइतका सरळ ठेवायचा हट्ट म्हणून.

कॅनिंग स्टॉक रूट तर या सगळ्यांचा बाप. सुमारे १८५० किलोमीटर, वाटेत ९०० च्या आसपास वाळूच्या टेकड्या आणि गुरांना पाणी पाजायला खोदलेल्या ५१ विहिरी. १९०६ मध्ये आल्फ्रेड कॅनिंगने वाट आखली, १९०८ ते १९१० मध्ये विहिरी झाल्या. इथे पेट्रोल पंप शोधू नका. मधल्या कुनावारिट्जी वस्तीत इंधन मिळतं, त्याशिवाय सगळं सोबत. ट्रेलर ओढत जाऊ नका, असा जाणत्यांचा सल्ला.

माहीत आहे का? सिम्प्सनमधल्या पोपेल कॉर्नरला एकाच रात्री तीनदा नवं वर्ष साजरं करता येतं! तिथे साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा भेटतात आणि उन्हाळ्यात तिघांची घड्याळं अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे चालतात. ३१ डिसेंबरला तीन पावलांत तीन ‘हॅपी न्यू इयर’! बुकिंग करताय? थांबा. उष्म्यामुळे १ डिसेंबर ते १५ मार्च तिथलं सिम्प्सनचं राष्ट्रीय उद्यान बंद असतं. पोपट झाला ना?

आणखी एक. सिम्प्सन पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणं सोपं पडतं, कारण टेकड्यांचा पूर्वेकडचा उतार जास्त खडा असतो. शिवाय गाडीवर उंच काठीला झेंडा लावणं सक्तीचं. टोक जमिनीपासून किमान साडेतीन मीटर. नाहीतर टेकडीच्या माथ्यावर दोन गाड्यांची थेट गळाभेट.

चाकांवरचे वल्ली

टॉम क्रूझचा सिनेमा पाहिलाय? हा नव्हे, तो! एस्मंड ‘टॉम’ क्रूझ, मारी ते बर्ड्‌सव्हिल या ५०० हून जास्त किलोमीटरच्या वाटेवरचा टपालवाला. १९३६ पासून जुनाट ट्रक घेऊन टपाल, धान्य, औषधं, माणसं, सगळं पोचवायचा. वाळूच्या टेकडीला ट्रक अडला की चाकांखाली लोखंडी पत्रे टाकायचे, ट्रक पुढे, पत्रे मागे, पुन्हा उचला, पुन्हा टाका. १९५४ मध्ये त्याच्यावर ‘द बॅक ऑफ बियाँड’ हा माहितीपट निघाला आणि हा टॉमही स्टार झाला. मिशन खरोखर इम्पॉसिबल, आणि स्टंट स्वतःचे! आज त्या पत्र्यांची जागा गाडीच्या छपरावर मिरवणाऱ्या केशरी प्लास्टिकच्या फळ्यांनी घेतलीय. त्यांचा मॅक्सट्रॅक्स हा गाजलेला ब्रँडही ऑस्ट्रेलियाचाच.

१९०८ मध्ये हॅरी डटन आणि मरे आँगर यांनी टॅलबट गाडीने अ‍ॅडलेड ते डार्विन गाठलं, रस्ता नसताना! आदल्या वर्षीही निघाले होते, पण गाडी वाटेत सोडून यावं लागलं. दुसऱ्या वर्षी दुसरी टॅलबट घेऊन गेले, तर पहिली तिथेच वाट बघत उभी. तिलाही घेतलं सोबत. पार्किंगचा दंड शून्य.

फ्रान्सिस बर्टल्सने तर १९२७-२८ मध्ये लंडन ते मेलबर्न गाडी हाकली, तीही आपला हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश ओलांडून. ‘सनडाउनर’ नावाची ती बीन गाडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आराम करतेय.

आणि सिम्प्सन मोटारने पहिल्यांदा ओलांडलं कुणी? १९६२ मध्ये रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञाने, निसान पॅट्रोल गाडीतून, बायको आणि दोन मुलांना घेऊन! फॅमिली पिकनिकच म्हणा. याच माणसाने १९४६ मध्ये इडियाकरा टेकड्यांत जगातल्या अतिप्राचीन जीवांचे ठसे शोधले होते. काहींना सुट्टी कशी घालवायची हे नीट कळतं.

पण माझ्या मते सगळ्यांचे गुरू आहेत युएंडुमू वस्तीतले वार्लपिरी आदिवासी मेकॅनिक. २००१ मधली ‘बुश मेकॅनिक्स’ ही ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिका मिळाली तर जरूर पाहा. टायर फुटला, स्टेपनी नाही, पंप नाही. मग काय? टायरमध्ये स्पिनिफेक्स गवत ठासून भरायचं आणि निघायचं! टायरला हवाच लागते, असं कोण म्हणालं?

रबरी गप्पा, फटाफट

माहीत आहे का? हवेच्या टायरचं पेटंट पहिल्यांदा १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन या २३ वर्षांच्या तरुणाने घेतलं. जग त्याला विसरलं. १८८८ मध्ये बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन डनलप यांनी मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला आणि नाव कमावलं. पेटंट मात्र पुढे रद्द झालं, थॉमसनमुळे!

रबराला टिकाऊ करणारा चार्ल्स गुडइयर १८६० मध्ये कर्जात बुडून वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तिचा त्याच्या कुटुंबाशी काडीचा संबंध नाही.

मिशेलिनचा तो जाडजूड बाहुला पांढरा का? कारण १८९८ मध्ये तो जन्मला तेव्हा टायरच फिकट असायचे. काळा रंग आला नंतर, रबर मजबूत करायला त्यात काजळी मिसळू लागले तेव्हा.

आकड्यांच्या हिशेबात जगातला सर्वात मोठा टायर-निर्माता कोण? लेगो! गिनेस बुकाच्या नोंदीनुसार एकट्या २०११ सालात ३१.८ कोटी टायर. पंक्चरची गॅरंटी: कधीच नाही.

आणि हे आपल्या घरचं: मुंबईत मुख्यालय आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कारखाना असलेली बीकेटी कंपनी ट्रॅक्टर आणि खाणीतल्या अवजड वाहनांचे टायर बनवते. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश क्रिकेटमध्ये तिचं नाव झळकलंय. शेतातून थेट मैदानात!

मेलबर्न-सिडनी-पर्थच्या मराठी मंडळींनो, सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन आउटबॅकला निघणार असाल तर करारातली बारीक अक्षरं आधी वाचा. कित्येक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायलाच मनाई असते आणि टायर-काचा विम्याबाहेर असतात. टायरची हवा आपण सोडायची असते, बिलाने आपली नाही!

जाता जाता शेवटचं. माहीत आहे का, प्रत्येक टायरवर त्याची जन्मतारीख छापलेली असते? ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. न वापरलेलं रबरही वयाने कडक होतं, चिरा धरतं. आणि गाडीतला सर्वात म्हातारा टायर बहुतेक वेळा तोच निघतो, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: गाडीखाली लटकलेली स्टेपनी. तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावा, गाडीखाली वाका आणि आजच ते चार आकडे वाचून या!